फाटकं नव्हे, दंड घातलेलं

‘फाटकं कुठाय? दाव.’

आक्कानं खांद्यावरचा पदर ओढला आणि माझ्यासमोरच्या उघड्या रोजकीर्दीवर पसरला. हिरवं नऊवारी. नीट बघितल्यावर कळलं, हिरवं एक नाही, दोन. पदरापासून हातभर आत एक शिवण आडवी गेली होती, विरलेला भाग कापून दोन तुकडे जोडल्याची. शिवणीच्या अलीकडचा हिरवा अजून स्वतःला हिरवा म्हणवून घेत होता, पलीकडचा धुऊन धुऊन पोपटीच्याही पुढं गेलेला. टाके एका मापाचे, इतके बारीक की मी उगाच मोजायला लागलो. बोटाच्या एका पेरात अकरा. दोरा विकतचा नव्हता. लुगड्याच्याच काठातून उसवून काढलेला, त्यामुळे शिवण डोळ्याला दिसत नव्हती, बोटाला लागत होती.

‘ह्येला दंड म्हंत्यात, दिवाणजी. फाटकं न्हवं. फाटकं नेसून मी बाजारात यीन व्हय रं?’

दुकानातले दोघे हमाल हसले. मला हसता येईना, कारण माझ्या हातात त्या वेळी माझीच कविता होती आणि तिची पहिली ओळ होती, ‘फाटक्या लुगड्याच्या ओच्यात’.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलाली घेऊन विकून देणाऱ्या दुकानात, दिवाणजी आहे. तीस वर्षं झाली. संगणक आला, जीएसटी आला, पण आमच्या शेठना रोजकीर्द हातानं लिहिलेलीच लागते, आणि खरं सांगायचं तर मलाही. दिवसभर पोती, क्विंटल, हमाली, तोलाई लिहायची आणि मधेच एखाद्या पाठकोऱ्या कागदावर त्याच पेनानं एखादी ओळ. कवितेच्या वेडाचं आमच्या गावात कुणाला नवल नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला खेळ इथं लावला, तेव्हापासून सांगलीत दर चार घरांमागं एक नट आणि दर तीन घरांमागं एक कवी निघतो. टाळी कुठं पडते हे इथल्या पोरासोरांनाही कळतं. मला तर कळतंच. दुखणं तिथंच आहे.

आक्का आमच्या दुकानाचा कट्टा झाडते. वय विचारलं तर ‘भात्तर सालच्या दुस्काळात लगीन हून चार वर्सं झाल्ती’ एवढंच सांगते. म्हणजे पंचाहत्तरीच्या पुढं गेली. माहेर-सासर दोन्ही जत तालुक्यातलं. बोलण्यात मधेच एखादा कानडी शब्द येतो, रागावली की जास्त. नवरा याच यार्डात हमाल होता, पाठीवर पोतं घेऊन घेऊन पाठ गेली आणि मग तो गेला. मुलगा इचलकरंजीला यंत्रमागावर असतो, दिवाळीला येतो, कधी येत नाही. यापेक्षा जास्त तिनं कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तिचं काम सांगतो, कारण कवितेत मी तेच चुकवलं. सौदा होतो तेव्हा पोती सोडून माल दाखवतात, मुठी भरभरून बघतात, पुन्हा भरतात, काट्यावर चढवतात. या सगळ्यात थोडं सांडतंच. गहू, शाळू, हरभरा, हळदीच्या दिवसांत हळदीची कणी. त्यात माती, काडी, सुतळीचे तुकडे, कुणी थुंकलं असलं तर तेही. हे सगळं झाडून एका जागी केलं की जे होतं ते मातेरं. आमच्याकडं ठरलेलं असं आहे की जी बाई कट्टा झाडेल, मातेरं तिचं. रोख मजुरी नाही. हा करार कुठंही लिहिलेला नाही, पण मोडलेला मी कधी बघितला नाही. एकदा नवा आलेला एक पोरगा हमाल मातेऱ्याची पाटी उचलून आपल्या शेळीला घेऊन चालला, तर मुकादमानं त्याला बाजारपेठेच्या टोकापासून परत आणलं.

मातेरं घरी नेऊन खायचं नसतं, ते आधी माणसात आणावं लागतं. आमच्या गोदामाच्या सावलीत बसून आक्का ते करते. आधी बारीक चाळणीनं चाळून माती खाली. मग सुपात घेऊन पाखडणं, म्हणजे फोलकट उडून जातं. मग घोळणं. पाखडणं आणि घोळणं यांतला फरक मला पन्नाशीनंतर कळला. पाखडताना सूप वरखाली होतं. घोळताना ते गोल, तिरकं, अगदी नखाएवढं हलतं आणि खडे आपोआप एका कोपऱ्याला गोळा होतात. ते दोन बोटांनी काढायचे. शेवटी उरेल ते डोळ्यांनी निवडायचं. चांगला दाणा वेगळा, फुटका वेगळा. चांगला घरी, फुटका एक कोंबड्या पाळणारा घेऊन जातो आणि रोख देतो. हळदीची कणी ती वेगळ्या फडक्यात ठेवते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा यार्डात पेढे वाटले होते. मी आक्काला सांगितलं, आपल्या हळदीला शिक्का मिळाला. ती म्हणाली, ‘माझ्या कणीला बी का?’ मी म्हटलं, तीही त्याच हळदीची की. ‘मग कोंबडीवाल्याला न्हाय द्यायची हं ही,’ म्हणाली आणि फडक्याला दोन गाठी मारल्या.

आता ही बाई मी कवितेत कशी बसवली ते बघा. कविता अशी होती.

फाटक्या लुगड्याच्या ओच्यात
थरथरत्या हातांनी
ती वेचत राहते
दुसऱ्यांनी सांडलेलं,
आणि रोज संध्याकाळी
घरी घेऊन जाते
आयुष्याचं मातेरं.
तिच्या डोळ्यांत
आटून गेलेली कृष्णा.

आपल्याकडच्या कविसंमेलनात दर तिसरी कविता आईवर असते आणि दर चौथी वृद्धाश्रमावर. माझी त्या दोन्हींच्या मधली होती. ‘आयुष्याचं मातेरं’ला मी थांबलो, पाण्याचा घोट घेतला (हे ठरवून) आणि टाळी पडली. ‘आटून गेलेली कृष्णा’ला दुसरी. शेवटी शाल, नारळ आणि पाकिटात ५०१ रुपये. पुढच्या रविवारी एका पुरवणीत ती छापूनही आली. सोमवारी सकाळी हमालांनी तो कागद आक्काला दाखवला, तिला वाचता येत नाही म्हणून तिनं तो घडी करून कमरेला खोचला, कट्टा झाडून झाल्यावर माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, ‘वाच.’

मी वाचली. पाण्याचा घोट न घेता.

लुगड्याचं तर सांगितलंच. त्यानंतर ती हातांवर आली. ‘थरथरत्या म्हंजी?’ मी हात हलवून दाखवला. तिनं कोपऱ्यातलं सूप घेतलं, मूठभर गहू टाकला आणि माझ्या पुढ्यात घोळून दाखवला. खडे कोपऱ्याला. ‘थरथरनारा हात ह्ये करंल? तू करून दाव.’ मी केलं. गहू रोजकीर्दीवर सांडला आणि खडे सुपातच राहिले.

‘आनि येचती कुठं मी? येचत्यात ते बोरं. मी झाडती. तुझ्या शेठचा कट्टा झाडती म्हनून मातेरं माझं हाय. दुसऱ्यानं सांडल्यालं माझं न्हवं, मी झाडल्यालं माझं.’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं. तीस वर्षं मी मजुरीच्या नोंदी लिहितोय. हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वारणी वेगळी, पैशापैशाचा फरक मला कळतो. आणि एका बाईच्या मजुरीला मी दान करून टाकलं होतं, का, तर ओळीला तो शब्द जड जात होता.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका धरतात, त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आक्काची खोली सखल भागात, तिथं माळ्यापर्यंत पाणी. ती एका शाळेत होती, मी तिथं नावं लिहून घ्यायला जात होतो. दिवाणजीला पुरात तरी दुसरं काय काम असणार. मदत चारी दिशांनी आली. कुठल्या कुठल्या गावांनी भाकरी थापून पोत्यात भरून पाठवल्या, वर गावाचं नावही नव्हतं. आणि काही मंडळी अशीही आली की ज्यांच्याकडं पिशव्या वीस आणि फोन तीस. त्यातल्या एका तरुणानं आक्काच्या हातात पिठाची पिशवी दिली, पण सोडली नाही. एका टोकाला त्याचा हात, दुसऱ्या टोकाला तिचा, आणि समोरचा फोन काही निघेना. आक्कानं पिशवी सोडली. म्हणाली, ‘पीठ द्यायचं असंल तर दे, फोटू काडायचा असंल तर काड. दोनी एकदम न्हाई जमायचं.’ पोरगा चांगला होता, ओशाळला, फोन खिशात ठेवला. ही गोष्ट मी पुढं किती जणांना सांगितली याला हिशेब नाही. सांगताना दर वेळी मी आक्काच्या बाजूला उभा असायचो.

कविता वाचून झाल्यावर ती म्हणाली, ‘तू बी फोटूच काडलास की रं. त्येनं इचारलं तरी हुतं.’

मी म्हणालो, आक्का, लोकांना कळवळा यावा म्हणून लिहिलं. खरंच म्हणालो. त्यावर तिनं माझ्या गळ्याकडं बघितलं. बराच वेळ.

‘तुझी कॉलर उलटून शिवलीया न्हवं?’

शिवली होती. शर्टाची कॉलर आधी घडीवर विरते. शर्ट चांगला असतो, म्हणून बायको ती उसवते, उलटी करते आणि विरलेली बाजू आत घालून पुन्हा शिवते. इस्त्री केली की कुणाला कळत नाही असा माझा तीस वर्षांचा समज. मी पेन्शन नसलेला, पगार वाढवून मागायला लाजणारा, साठीला टेकलेला माणूस आहे, आणि हे सगळं त्या इस्त्रीच्या आत असतं.

‘मी तुला फाटका दिवाणजी म्हनू का? चार मान्सांत?’

हमाल या वेळी हसले नाहीत. एकानं पाणी प्यायचं निमित्त केलं.

त्या रात्री मी कागद समोर घेऊन बसलो. आक्काला दुबळी केल्याशिवाय मला हळवं दिसता येत नव्हतं, एवढं मला दिसलं. कवितेतल्या सगळ्या विशेषणांचा उपयोग तोच होता. मराठीत गरिबाला लावायला विशेषणं मुबलक आहेत. बिचारी, बापुडी, दीनवाणी, केविलवाणी. त्यातलं एकही कुणी स्वतःला लावताना मी ऐकलेलं नाही. माणूस स्वतःबद्दल म्हणतो ‘हातावर पोट आहे’. त्यात हात आधी येतो.

सरकारी शब्द आणखी वेगळे. पासष्टीच्या पुढच्या ज्यांना आधार नाही त्यांच्यासाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला लागतो. म्हणजे महिन्याला १,७५०. पैसे मिळतात महिन्याला १,५००, २०२३ पर्यंत १,००० मिळत होते. हे आकडे मी एकदा रोजकीर्दीच्या मागं मांडून बघितले. दिवसाला पन्नास रुपये. आमच्या दुकानात येणाऱ्या पाहुण्यांच्या चहाला दिवसाला याहून जास्त जातात. ज्या बाळानं आई-बापाला कावडीत बसवून खांद्यावर नेलं त्याचं नाव या योजनेला कुणी दिलं असेल ते असो, नाव देणाऱ्याचा हात मोठा होता.

आक्काचा अर्ज मीच भरला होता. रकान्यातला ‘निराधार’ हा शब्द वाचून दाखवला तर ती म्हणाली, ‘आदार हाय की,’ आणि पिशवीतून आधार कार्ड काढलं. विनोद केला की खरंच म्हणाली, तिच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही. पैसे मात्र ती घेते, आणि बिनसंकोच घेते. मी एकदा विचारलं, कुणाकडून चहासुद्धा फुकट घेत नाहीस, मग हे कसं? ‘काडीपेटी इकत घेतली, चप्पल इकत घेतली, दर येळेला सरकारला दिलंच की. पन्नास वर्सं दिलं. आता त्येनं द्यावं.’ जीएसटीचं याच्यापेक्षा सोपं स्पष्टीकरण मला कुठल्या सल्लागारानं दिलेलं नाही. तक्रार तिची एकच, हयातीच्या दाखल्याची. ‘मी जित्ती हाय ह्याचा कागद आनायचा. आनि तो आनाय मीच जायचं.’

एसटीचंही तसंच. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे. आक्का जतला जाताना मी एकदा तिला बसवून द्यायला गेलो होतो. कंडक्टर म्हणाला, आजी बसा, तुम्हाला काय लागत नाही. ती उभीच. ‘तिकीट दे.’ त्यानं मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून दिलं तेव्हा बसली. ते तिकीट तिनं पैशांच्या बटव्यात ठेवलं, जिथं पैशांची तिकिटं ठेवायची तिथंच.

बहात्तरच्या दुष्काळाचं ती फार बोलत नाही, पण त्या दिवशी बोलली. जत भागात त्या साली काही उरलं नव्हतं. माणसं रस्त्याच्या कामावर गेली, खडी फोडायला. मिलो नावाची परदेशी लाल ज्वारी आली, सुकडी आली. सुकडीची आठवण आमच्या जिल्ह्यात अजून म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर आहे, कुणी गोडीनं काढतं, कुणी तोंड वाकडं करतं. आक्का म्हणाली, ‘सुकडी खाल्ली. पर आदी खडी फोडली, मग खाल्ली. पोरगं पाठीला बांदून फोडली.’

रोजगार हमीचे जनक ज्यांना म्हणतात ते वि. स. पागे आमच्याच सांगली जिल्ह्यातले. तासगाव तालुक्यात विसापूरला त्यांनी तो प्रयोग आधी करून बघितला होता. ‘मागेल त्याला काम’ हे त्या योजनेचं बोधवाक्य शाळेत असल्यापासून भिंतींवर वाचत आलोय, पण त्यातल्या ‘मागेल’ या शब्दाशी मी कधी थांबलो नव्हतो. एरवी आपल्याकडं मागणं म्हणजे मान खाली. मागतकरी, भिकेची झोळी, हात पसरणं. त्या एका वाक्यात मात्र मागणारा ताठ उभा आहे, कारण तो काम मागतोय आणि द्यायचं बंधन समोरच्यावर आहे. एखाद्या कवीला जमलं नसतं ते एका योजनेच्या चार अक्षरी नियमाला जमलं. (चार नाहीत, मोजली मी. पण दिवाणजीलाही कधी तरी गोळाबेरीज करू द्या.)

आठवडाभरानं मी आक्काला सुधारलेली कविता वाचून दाखवली. ती अशी.

दंड घातलेल्या लुगड्यानं
ती शेठचा कट्टा झाडते.
माती खाली, फोलकट वाऱ्यावर,
खडे कोपऱ्यात.
उरतो तो गहू.
तो तिचा आहे.

तिनं ऐकून घेतलं. ‘ह्यात कायच न्हाई,’ म्हणाली. मी म्हटलं, खोटं काही आहे का? ‘खोटं न्हाई. पर ह्येला कोन टाळी वाजवंल?’ तेही खरंच होतं. मग तिनं शेवटच्या दोन ओळींकडं बोट केलं, वाचता येत नसताना नेमकं त्यांच्याकडंच, आणि विचारलं, ‘फुटका गहू कुठं गेला? कोंबडीवाल्याचा?’ मी तो गाळला होता. पुन्हा तेच. गाळल्याशिवाय मला कविता होत नाही आणि गाळलं की तिला हिशेब लागत नाही.

कृष्णेबद्दल राहिलंच. ‘आटून गेलेली’ ऐकून तिनं कपाळावर हात मारला होता. ‘किस्ना कवा आटली रं? माझी भांडी घिऊन गेली ती न्हवं का?’ आणि डोळ्याचं म्हणशील तर, मोतीबिंदू काढल्यापासून एका डोळ्याला पाणी येतंच, डॉक्टरनं थेंब दिलेत, असं तिनं सविस्तर सांगितलं. थेंबांची किंमतही सांगितली. हरिपूरला जाऊन बघावं, कृष्णेला वारणा येऊन मिळते तिथं घाटावर बसलं की कळतं, आमच्या नदीला आटण्याची उपमा देणारा माणूस एक तर पुण्याचा असावा नाही तर माझ्यासारखा टाळीचा भुकेला. त्याच हरिपुरात हळदीची पेवं होती, जमिनीच्या पोटात, माणूस उतरेल एवढी. वर्षानुवर्षं हळद त्यात कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरानं त्यांची वाट लावली. नदी आटते म्हणे.

असो. पहिली कविता वाचली त्याच सोमवारी मग आक्का मुद्द्यावर आली. ती त्या दिवशी सकाळपासून मुद्द्यावरच होती, मलाच कळलं नव्हतं.

‘पैसं किती मिळालं?’

‘कशाचे?’

‘कवितंचं.’

मी सांगितलं, ५०१. शाल. नारळ. तिनं जरा विचार केला. मला वाटलं, आता रागावेल. मी खिशात हात घातला आणि म्हणालो, आक्का, हे सगळे तूच ठेव. चूक झाली ती तिथं. तिनं माझ्याकडं असं बघितलं की हात खिशातच राहिला.

‘सगळं कशापायी? मी काय भीक मागायली? हिशेब कर. माल कुनाचा?’

‘तुझा.’

‘तू कोन?’

मी जरा थांबलो. ‘अडत्या.’

‘मग अडत काडून घे, बाकी दे. आनि पट्टी कर. तोंडी नगं.’

शेतकऱ्याचा माल विकला की त्याला जो हिशेबाचा कागद देतात तिला पट्टी म्हणतात. मी आयुष्यात किती हजार पट्ट्या लिहिल्या असतील. पुस्तक पुढं ओढलं, कार्बन घातला. माल: कविता. नग: १. रक्कम: ५०१. ‘अडत किती धरू?’ विचारलं. ‘तूच लिवलीस, तूच वाचलीस. एकावन्न धर. हमाली न्हाई, वज्याला काय न्हवतं तुझ्या कवितंत.’ मी लिहिलं, ५१. ‘कडता धरू नगं,’ तिनं बजावलं. कडता म्हणजे ओल, माती, पोतं यांच्या नावानं वजनात जी काट मारतात ती. मी म्हटलं, कडता नाही. ‘आनि नारळ?’ नारळाची आम्ही त्याच रात्री चटणी केली होती. तिनं तो सोडून दिला. शाल, म्हणाली, तुला ऱ्हाऊ दे, तुझ्या बायकोला हुईल. निव्वळ देणं रुपये ४५०.

मी पैसे मोजून दिले. तिनं दोनदा मोजले, दुसऱ्यांदा नोटा उजेडाकडं धरून.

पट्टीवर अंगठा हवा होता. रेशन दुकानातल्या मशीनवर तिचा अंगठा उमटत नाही, दर महिन्याला तिथं दहा बोटं आलटून पालटून लावावी लागतात. सूप आणि खडी यांनी रेषा ठेवलेल्याच नाहीत. मी शाईचं पॅड पुढं केलं. तिनं अंगठा पॅडवर दाबला, मग कागदावर, आणि उचलला. आत एकही रेष नसलेला जांभळा गोल. तिनं फुंकर मारून तो वाळवला, वरची प्रत घडी करून कमरेला खोचली, पुरवणीच्या कागदाशेजारी.

‘दुसरी लिवलीस तर आदी हिकडं आन,’ उठताना म्हणाली. ‘चाळून दीन.’

बाहेर सौदा सुटला होता. तिनं केरसुणी घेतली.